विश्लेषण : एका बेअरिंगपायी पोर्शेचे अख्खे इंजिन का जाते?

जुनी पोर्शे ९११ किंवा बॉक्स्टर परदेशात नव्या गाडीपेक्षा बरीच स्वस्त मिळते. मात्र १९९७ ते २००८ दरम्यानची गाडी घेताना जाणकार आधी विचारतात, ‘आयएमएस बेअरिंग बदलले आहे का?’

नेमका बिघाड काय?
इंजिनातील इंटरमीडिएट शाफ्ट क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टकडे पोहोचवतो. त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग असते. सील खराब झाले की आतले ग्रीस धुऊन जाते आणि बेअरिंग झिजते. ते तुटले तर टायमिंग बिघडून पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. इंजिन निकामी होते.

धोका कोणाला?
साधारण २००० ते २००५ मधील एकेरी बेअरिंगला सर्वाधिक. अमेरिकेतील खटल्यात बिघाडाचे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर आधीच्या दुहेरी बेअरिंगमध्ये १ टक्क्याहून कमी असल्याचे समोर आले. २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली. त्या काळातील ९११ टर्बो आणि जीटी३ यांचे इंजिन वेगळे असल्याने त्यांना हा धोका नाही.

खर्च किती?
बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून क्लच बदलतानाच हे काम उरकणे परवडते. अमेरिकेत त्यासाठी साधारण २ ते ३ हजार डॉलर लागतात. इंजिन गेले तर खर्च १० हजारांच्या पुढे जातो.

खरेदीपूर्वी काय पाहाल?
बेअरिंग बदलल्याचे बिल मागा. ऑइल फिल्टर कापून धातूचे कण आहेत का, ते तपासून घ्या. कण दिसले तर व्यवहार थांबवलेला बरा.