घड्याळातला डोळा

आमच्या आळीतल्या एक मावशी गेली कित्येक वर्षे दुसऱ्यांची मुले सांभाळतात. मागच्या दिवाळीत त्यांनी चांगल्या पगाराचे एक काम सोडले. बाळाच्या खोलीतील घड्याळ पुसताना आकड्यांच्या आड त्यांना काचेचा एक ठिपका दिसला होता. "बाळाशी बोबडं बोलले, कधी पदर सैल करून पंख्याखाली बसले, ते सगळं कुणी बघितलं असेल, ह्या विचारानं हातच चालेना रे," असे त्या म्हणाल्या. त्यांची हकीगत मनातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

अर्थात आईबापांची बाजू लंगडी नाही. दोघेही नोकरीवर, आजी-आजोबा गावी, आणि ज्याला अजून बोलता येत नाही ते मूल परक्या हाती! नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात आयाने दहा महिन्यांच्या मुलीला मारल्याचे चित्रण उघडकीस आले. २०२२ मध्ये सुरतेत जुळ्या बाळांपैकी एकाला दाईने केलेली मारहाण अशीच घरातल्या कॅमेऱ्याने टिपली. ही दृश्ये पाहिलेल्यांना 'विश्वास ठेवा' असा उपदेश करण्याचा धीर मला होणार नाही.

परंतु खारघरला कॅमेरा आधीपासूनच होता, तरी मार चुकला नाही. सुरतेतही मुले फार रडतात हे प्रथम शेजाऱ्यांनी सांगितले, मग कॅमेरा आला. आणि तो असतानाही बाळाला रुग्णालयात न्यावे लागले. कॅमेरा पुरावा देतो. मूल वाचवायचे तर कुणीतरी ते चित्र त्याच क्षणी पाहत असले पाहिजे, आणि कचेरीतली आई दिवसभर पडद्याकडे पाहत बसणार कशी? (बसली तर तिची नोकरी किती दिवस टिकेल, हा वेगळाच प्रश्न!) उघड्या कॅमेऱ्याचा निदान धाक तरी असतो. लपवलेल्याचा तोही नाही. त्याला गुन्हा घडण्याची वाटच पाहावी लागते.

कायद्याचेही भान हवे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये दिला, आणि तो मोलकरणीला वगळून दिलेला नाही. न्हाणीघरात किंवा कपडे बदलताना स्त्रीचे चोरून चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हा असून पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे कैद होऊ शकते. दिवसभर राहणारी बाई त्याच खोलीत लुगडे बदलत असेल, तर मालकाचा हेतू शुद्ध असूनही तो अडचणीत येईल.

माझ्या मते कॅमेरा जरूर असावा, पण तो कामाच्या पहिल्या दिवशी दाखवावा, आणि बाईला त्याच्या नजरेबाहेरचा एक कोपरा द्यावा. शिवाय शेजारणीशी बोलणे ठेवावे, आणि अधूनमधून न कळवता लवकर घरी यावे.

मावशींना आता दुसरे काम मिळाले आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "बाई, कॅमेरा कुठाय?" बाईंनी कपाटाच्या वर बोट दाखवले. मावशींनी बाळाची झोळी मुद्दाम त्याच्या समोर बांधून घेतली.