तीनशेचा मीटर, पाच हजारांची बॅटरी

गाडीच्या रोजच्या कटकटींवर स्वस्त वस्तूंचा बाजार भरला आहे. त्यातल्या कामाच्या कोणत्या आणि घरच्या घरी काय निस्तरता येतं, याचा हा हिशेब.

गाडीच्या वस्तूंचं दुकान आता फोनमध्येच असतं. हवा भरायचा पंप शोधायला जावं, तर समोर येतात पेट्रोल वाचवणारी डबी, ओरखडे घालवणारं क्रीम आणि रात्री स्पष्ट दिसावं म्हणून पिवळा चष्मा. किंमतीही अशा, की फार विचार न करता माणूस मागवून टाकतो. निवड करायला एक साधी चाळणी पुरते. ही वस्तू मला काही मोजून सांगते का, किंवा अडल्या वेळी गॅरेजपर्यंत पोचवते का? यापैकी एकाचं उत्तर ‘हो’ असेल तर पैसे वसूल. जी वस्तू गाडीचा आजारच बरा करते म्हणून सांगते, तिच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

हवा सकाळीच मोजा

पंक्चर नसलेला टायरही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा सोडतो. ट्यूबलेस टायर चांगलाच बसल्याशिवाय ते नजरेला कळत नाही. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्यातून उष्णता तयार होते आणि ताशी शंभरच्या वेगाने गाडी सलग पळाली की तीच बाजू फाटते. मुंबई-नागपूरच्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर टायर फुटण्याची एवढी चर्चा होते, त्यामागे हेही एक कारण आहे. कडक ऊन आणि न थांबता पळणं यात, गावातल्या रस्त्यांवर खपून जाणारी हयगय तिथे खपत नाही.

डिजिटल गेज तीन-चारशे रुपयांत मिळतो. लायटरच्या सॉकेटला लावायचा बारा व्होल्टचा पंप साधारण दीड ते अडीच हजारांत येतो. आकडा किती हवा, हे हवा भरणाऱ्या पोऱ्याला विचारू नका. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर दिसतो. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे, पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे त्यावर असतात. मोजायचं मात्र सकाळी, गाडी निघण्याआधी. तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रेशर दीडेक पीएसआयने चढतं, त्यामुळे तापलेल्या टायरचा आकडा फसवा असतो. ‘जास्त झाली’ म्हणून तेव्हा हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेचा निघतो. स्टेपनी बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. तीही मोजून घ्या.

वाकलाच आहात तर टायरच्या बाजूवर लंबगोलात उमटवलेले चार आकडे वाचा. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. जुन्या गाडीचा सौदा करताना हा आकडा बोलून दाखवला, तर भाव करायला बळ येतं.

बॅटरी गेली की चार्जिंग?

सकाळी चावी फिरवावी तर नुसती टकटक. सोसायटीतले चार जण धक्का मारायला येतात आणि चौघांचं एकमत होतं: बॅटरी गेली. पाच हजारांची नवी बॅटरी बसते आणि आठवड्याने पुन्हा तीच टकटक.

तीनशे रुपयांचा मल्टिमीटर हा खर्च वाचवू शकतो. तो वीस व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक प्लसला लावा, काळं मायनसला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी आणि १२च्या खाली म्हणजे उतरलेली. मग गाडी कशीबशी चालू करून, हेडलाइट लावून पुन्हा मोजा. आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या घरात गेला तर अल्टरनेटर काम करतोय आणि संशय बॅटरीवर राहतो. आकडा बारावरच घुटमळत असेल तर दोष चार्जिंगचा. तिथे नवी बॅटरी घातली तरी तीही उतरणार.

त्याआधी टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड जमली आहे का, ते पाहा. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासलं की ती निघते. कोरडं करून वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. क्लॅम्प काढताना मायनस आधी आणि लावताना मायनस शेवटी. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते.

ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही, तेव्हा जम्पर केबल डिकीत हवीच. लाल क्लिप आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरी लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटची काळी बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटची क्लिप लावताना ठिणगी उडते. दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

पिवळा दिवा काय म्हणतो

डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला की पोटात गोळा येतो. तो नेमका कशामुळे लागला, हे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेलं असतं. २०१३नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं. हजारभर रुपयांचा ब्लूटूथ अडॅप्टर तिथे लावला, की फोनवरच्या अॅपमध्ये कोड दिसतो. समजा ‘पी०३०१’ आला. म्हणजे पहिला सिलिंडर मिस होतोय. बहुतेक वेळा प्लग किंवा कॉइल. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर फिटरला पहिली आणि दुसरी कॉइल अदलाबदल करायला सांगा. कोड बदलून ‘पी०३०२’ झाला तर दोष त्या कॉइलमध्येच. अडॅप्टर मात्र काम झालं की काढून ठेवा. उभ्या गाडीतही तो बॅटरी खात राहतो. आणि लाल दिवा, म्हणजे ऑइलचा किंवा तापमानाचा लागला, तर कोड वाचत बसू नका. गाडी बाजूला घेऊन आधी इंजिन बंद करा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण तर उघडूच नका.

बिनपैशाचे उपाय

ताम्हिणीत किंवा आंबोलीत ऐन पावसात काच धूसर झाली, तर आधी बोट फिरवून पाहा. वाफ आतून असेल तर एसी चालू, वाऱ्याचा झोत काचेवर आणि रीसर्क्युलेशन बंद. बाहेरून असेल तर काच फार गार झाली आहे. एसीचं तापमान वाढवा, वायपर मारा. वायपरचं रबर उन्हाळ्यात कडक होतं, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस बदललेलं बरं. एसीचा वारा मंदावला तर गॅस भरायला धावण्याआधी केबिन फिल्टर पाहा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो आणि घरी बदलता येतो. त्यावरचा बाण वाऱ्याच्या दिशेने ठेवायचा, एवढंच.

हे नको, हे हवं

पेट्रोल वाचवणाऱ्या डबीत बहुधा एक दिवा आणि दोन-चार किरकोळ पार्ट निघतात. सीटबेल्टचा अलार्म गप्प करणारी क्लिप त्याहून वाईट. बेल्ट नसताना उघडलेली एअरबॅगच जखमी करू शकते. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन बाजारांना या क्लिपा विक्रीतून हटवायला लावल्या.

तेवढ्याच किमतीत काच फोडायची हातोडी येते, तिच्याच दांड्यात बेल्ट कापायचं पातं असतं. २६ जुलै २००५च्या पावसात मुंबईत पाण्यात अडकलेल्या गाड्यांमध्ये माणसं गुदमरून दगावली. समोरची काच दोन थरांची असते, ती फोडायच्या नादी लागू नका. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घाव घाला. आणि ही हातोडी डिकीत किंवा ग्लव्हबॉक्सच्या तळाशी पडून राहिली तर उपयोग शून्य. बेल्ट लावून बसल्यावर हात पोचेल, अशाच जागी ती पक्की बसवा.