संदर्भ म्हणजे पुराव्याचा पत्ता



विज्ञान प्रकल्पाच्या वह्या तपासताना शेवटच्या पानावर एक ओळ हमखास आढळते : 'संदर्भ - गूगल, इंटरनेट व पुस्तके'. पाकिटावर नुसते 'गोवा' लिहून पत्र पोस्टात टाकावे, तसा हा प्रकार आहे. मोपा गावातील एखाद्या घरी पत्र पोहोचायचे तर नाव, वाडा, गाव, तालुका आणि पिनकोड लागतो. शास्त्रीय नियतकालिकात छापल्या जाणाऱ्या लेखाच्या शेवटी जी संदर्भसूची असते, ती अशाच पूर्ण पत्त्यांची यादी असते. आपली मुले आता एम.एस्सी., पीएच.डी.पर्यंत जातात. तिथे पहिला लेख पाठवताना याच पानावर अडतात. म्हणून हा विषय शाळेतच समजून घेतलेला बरा.

उदाहरण आपल्याच मातीतले घेऊ. धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. इतिहासकार म्हणून ते आपल्याला ठाऊक असतात, परंतु मुळात ते गणिती. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर काढण्याचे त्यांचे सूत्र आजही पिकांच्या जनुकीय नकाशांसाठी जगभर वापरले जाते. त्या लेखाचा संदर्भ साधारण असा लिहितात : कोसंबी डी. डी., १९४४, 'दि एस्टिमेशन ऑफ मॅप डिस्टन्सेस फ्रॉम रिकॉम्बिनेशन व्हॅल्यूज', ॲनल्स ऑफ युजेनिक्स, खंड १२, पृ. १७२-१७५.

म्हणजे कोणी, केव्हा, काय, कोणत्या नियतकालिकात, कितव्या खंडात आणि कोणत्या पानांवर. इतके तपशील कशाला, असे कोणी विचारील. गंमत अशी की याच लेखाचे वर्ष काही संशोधक १९४३ लिहितात, तर काही १९४४. तरीही वाचक चुकत नाही, कारण खंड आणि पृष्ठ त्याला बरोबर जागी नेऊन सोडतात. एक तपशील डळमळला तरी बाकीचे सांभाळून घेतात. शिवाय या नियतकालिकाचे नाव १९५४ साली बदलले आणि ते 'ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स' झाले. संदर्भात मात्र लेख छापला तेव्हाचे नावच द्यायचे. आजचे नाव घालून दुरुस्ती करायला जाऊ नये.

आता मांडणीकडे वळू. मुख्य पद्धती दोन. एकीत मजकुरात आडनाव आणि वर्ष कंसात देतात आणि शेवटची सूची आडनावाच्या वर्णक्रमाने लावतात. दुसरीत मजकुरात केवळ क्रमांक येतो आणि सूची त्याच क्रमाने चालते. या दुसऱ्या पद्धतीला व्हँकुव्हर पद्धत म्हणतात, कारण १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमले आणि तिथून एकसारख्या नियमांची सुरुवात झाली. कोणती पद्धत चांगली, हा वाद व्यर्थ आहे. ज्या नियतकालिकाला लेख पाठवायचा त्याच्या 'लेखकांसाठी सूचना' आधी वाचाव्यात आणि तंतोतंत पाळाव्यात. स्वल्पविराम कुठे, तिरपा टाइप कुठे, सहापेक्षा जास्त लेखक असतील तर काय करायचे, सगळे तिथे दिलेले असते. क्रमांकाच्या पद्धतीत मध्येच एक संदर्भ वाढला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. हाताने ते सांभाळणे जिकिरीचे होते. त्यासाठी 'झोटेरो' नावाची विनामूल्य संगणकप्रणाली २००६ पासून उपलब्ध आहे. मोठ्या वर्गातील मुलांनी ती जरूर शिकावी.

माझे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदी प्रबंधात आधीचाच ग्रंथ पुन्हा आला की तळटीपेत 'वही' असे लिहितात. मराठी मुलाने ते वाचले तर तो विचारील, कोणती वही? मराठीत त्या जागी 'तत्रैव' असते. शास्त्रीय लेखात मात्र दोन्ही चालत नाहीत. तिथे तोच क्रमांक किंवा तेच नाव-वर्ष पुन्हा द्यावे लागते.

नावांचा प्रश्न आपल्याकडे जरा नाजूक आहे. परब, नाईक, सावंत, गावकर ही आडनावे घरोघरी. 'नाईक एस.' असे लिहिले तर किती जण डोळ्यांसमोर येतील! त्यात लग्नानंतर मुलींची नावे बदलतात. म्हणून पहिल्या लेखापासून नाव एकाच प्रकारे लिहावे. संशोधकांना 'ऑर्किड' नावाचा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून विनामूल्य मिळतो, तोही घ्यावा. लेखांनाही असा कायमचा क्रमांक असतो. त्याला 'डीओआय' म्हणतात आणि त्याची सुरुवात नेहमी '१०' ने होते. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी या क्रमांकावरून लेख सापडतो.

पत्ता खोटा असला तर काय होते, याचीही गोष्ट कोसंबींचीच आहे. १९३१-३२ च्या सुमारास ते अलीगढला शिकवीत होते. तेथील फ्रेंच गणिती आंद्रे वेय यांच्या सूचनेवरून त्यांनी थट्टा म्हणून एक लेख लिहिला आणि त्यात एक प्रमेय 'डी. बूर्बाकी' नावाच्या रशियन गणितज्ञाच्या नावावर घातले. असा गणितज्ञ नव्हताच. अलाहाबादच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत तो लेख छापूनही आला! पुढे वेय आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी हेच नाव घेऊन अनेक खंडांचे गणिताचे ग्रंथ लिहिले. किस्सा मजेदार आहे. पण आपल्या विद्यार्थ्याने असा संदर्भ दिला तर मी वही परत करीन.

कारण आज हे हसण्यावारी नेण्यासारखे राहिलेले नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला संदर्भ मागितले की लेखक, वर्ष, खंड, पाने असे सगळे झोकात लिहून मिळते, मात्र तो लेख जगात असेलच असे नाही. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या संस्थेला मिळून पाच हजार डॉलर दंड केला. त्यांनी दाखल केलेले पूर्वीचे काही निकाल यंत्राने रचलेले होते. त्यामुळे स्वतः उघडून न वाचलेला संदर्भ सूचीत घालू नये. दुसऱ्याच्या लेखात पाहिला असेल तर तसे सांगावे.

पालकांसाठी एक माहिती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. साठ टक्क्यांच्या वर गेले तर संशोधकाची नोंदणीच रद्द होते. योग्य संदर्भ देऊन घेतलेले उतारे आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. म्हणजे जिथून घेतले ते सांगणाऱ्याला नियमही सांभाळून घेतो.

यापुढे प्रकल्पवहीचे शेवटचे पान प्रकल्प संपल्यावर भरायचे नाही. ज्या दिवशी पुस्तक उघडले त्याच दिवशी लेखक, वर्ष, प्रकाशक व पृष्ठ तिथे टिपायचे. संकेतस्थळ असेल तर पाहिल्याची तारीखही लिहायची. सड्यावरच्या एखाद्या झाडाचा उपयोग आजीने किंवा शेजारच्या काकांनी सांगितला असेल, तर त्यांची परवानगी घेऊन त्यांचे नाव, गाव आणि तारीख मजकुरातच कंसात द्यायची. शास्त्रीय लेखातही तोंडी माहिती बहुधा अशीच देतात, सूचीत घालत नाहीत. मात्र 'गावातील एक वृद्ध स्त्री' असे मोघम लिहू नये. आजीला नाव आहे.