उजाडेपर्यंत थांबलेलं विमान

विमानात जिना असू शकतो, यावर माझ्या पुतणीचा विश्वासच बसेना. दिवाळीत सगळे बडोद्याला जमलो होतो, तेव्हा तिला बोइंग ३७७ स्ट्रॅटोक्रूझरचे फोटो दाखवले.

बी-२९ बॉम्बरच्या कुळातलं हे प्रवासी विमान १९४७ साली पहिल्यांदा उडालं आणि १९४९ मध्ये सेवेत आलं. वरच्या मजल्यावर झोपायला बर्थ. गोल जिन्याने खाली उतरलं की गप्पा मारायला छोटंसं लाउंज. जेट येण्याआधीचा थाट तो हाच!

थाटामागचं यंत्र मात्र कटकटीचं. एका इंजिनात २८ सिलिंडर, प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग. चार इंजिनांचे मिळून २२४. इंजिनं आणि पंखे वारंवार त्रास देत. एकूण ५६च विमानं बनली.

१५ ऑक्टोबर १९५६ची रात्र. होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या पॅन ॲमच्या विमानात ३१ माणसं होती. पॅसिफिकवर एका इंजिनाचा पंखा बेफाम फिरू लागला, थांबवता थांबेना. मग दुसऱ्या बाजूचं एक इंजिनही गेलं. उरलेल्या इंधनात कुठलाच किनारा गाठता येणार नव्हता. खाली अमेरिकन तटरक्षक दलाचं 'पाँचारट्रेन' जहाज होतं. तरी कॅप्टन रिचर्ड ऑग अंधारात उतरले नाहीत. दोन इंजिनांवर जहाजाभोवती घिरट्या घालत राहिले. इंधन जळू दिलं, उजाडू दिलं. आधीच्या एका अपघातात अशाच विमानाचं शेपूट तुटलं होतं, म्हणून मागच्या प्रवाशांना पुढे बसवलं. सकाळी विमान पाण्यावर उतरलं, शेपूट खरंच तुटलं. सगळे ३१ जण वाचले.

मला ही गोष्ट जरा लागतेच. काही वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता आमची सिस्टिम अर्धवट बंद पडली. सकाळपर्यंत ती तशीच रखडत चालली असती. मी एकट्याने, झोपेत, घाईने दुरुस्ती केली आणि ग्राहकाचा अर्ध्या दिवसाचा डेटा पुसला गेला.

"काका, थांबायची भीती नसेल वाटली त्यांना?" पुतणीने विचारलं.

"वाटली असणार. पण दोन इंजिनं चालू होती ना!"

आता टीममध्ये नवीन आलेल्या मुलांना मी हेच सांगतो: काय बंद पडलंय ते दिसतंच, काय अजून चालू आहे, ते आधी बघा.