केवड्याला दाद न देणारे सूर्यफूल

सूर्यफूल मूळचे उत्तर अमेरिकेतले. पण त्याला तेलाचे पीक बनवले ते रशियाने, आणि 1969 च्या सुमारास भारतात रुजलेल्या जातीही तिथूनच आल्या. लातूर-नांदेडच्या काळ्या जमिनीत करडईच्या शेजारी हे पीक रमले. पुढे 1984 साली लातूर भागात सूर्यफुलावर केवडा हा रोग दिसला. भारतातली ती पहिलीच नोंद.

केवड्याने रोप खुजे राहते, पाने पिवळट होतात, पानांखाली पांढरी बुरशी धरते. फूल आलेच तर ते मान न वाकवता आभाळाकडे तोंड करून राहते आणि दाणे पोचट निघतात. रोगाचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे तग धरतात, म्हणून खरा उपाय बियाण्यातच शोधावा लागला. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राने एलडीएमआरएसएच-1 आणि 3 हे केवडा-प्रतिकारक संकर दिले. मराठवाड्याने अभिमान बाळगावा असे हे काम आहे.

संकर करणे मुळात सोपे नव्हते. एका फुलात हजारावर बारीक फुले. प्रत्येकातले पुंकेसर चिमट्याने कोण काढणार? 1969 मध्ये फ्रान्सच्या लक्लेर्क यांना रानटी सूर्यफुलाशी केलेल्या संकरातून परागच न धरणारी झाडे मिळाली. अशा मादी ओळींशेजारी नर ओळी पेरल्या की उरलेले काम मधमाश्या करतात. बंगळूरचा बीएसएच-1 हा भारताचा पहिला संकर 1980 मध्ये याच वाटेने आला. केवड्याला रोखणारे जनुक प्रभावी असते, त्यामुळे ते एका पालकात असले तरी संकरात उतरते.

तेलाचा गुणही असाच बियाण्यातून बदलता येतो. नेहमीच्या सूर्यफूल तेलात लिनोलेइक आम्ल जास्त. ते शरीराला हवे असते, पण कढईत वारंवार तापले की लवकर बिघडते. ओलेइक आम्ल उष्णतेला अधिक टिकते आणि हृदयालाही मानवते. 1976 मध्ये क्रास्नोदारच्या सोल्दातोव्ह यांनी बियांवर रसायनाची प्रक्रिया करून निवडलेल्या 'पेर्व्हेनेत्स' जातीत ओलेइकचे प्रमाण 70 टक्क्यांच्या वर गेले. आजचे बहुतेक उच्च-ओलेइक संकर तिचेच वंशज.

मराठवाड्याला हा गुण आणखी एका कारणाने हवा. साध्या जातीचे तेल हवामानाप्रमाणे बदलते. रब्बीच्या थंड रात्रींत दाणा भरला तर लिनोलेइक वाढते, उन्हाळी पिकात ओलेइक. पेर्व्हेनेत्सच्या वंशात मात्र थंडीतही ओलेइक फारसे घटत नाही.