मद्यपी वाहनचालन आणि चारित्र्य पडताळणी

अकोले तालुक्यातील राजूर, कोतूळ, समशेरपूर या परिसरातील अनेक तरुण पोलीस, सैन्य व शासनाच्या अन्य सेवांतील भरतीसाठी परिश्रम घेत असतात. मैदानी व लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांच्यापुढे आणखी एक टप्पा उरतो. तो म्हणजे चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी. पूर्वी मद्यपान करून वाहन चालविल्याचा गुन्हा घडला असल्यास या टप्प्यावर मन धास्तावते, आणि त्या धास्तीतूनच खरी चूक घडते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ अन्वये चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश आढळल्यास तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, तर पुढील गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. हेल्मेट नसल्याबद्दल जागीच पावती फाडून प्रकरण मिटते, तसे येथे होत नाही. प्रकरण न्यायालयात जाते. तेथे गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे दोषसिद्धीच होय. "दंड भरला, विषय संपला" ही समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. ती निराधार आहे.

निवड झालेल्या उमेदवाराकडून साक्षांकन नमुना भरून घेण्यात येतो. त्यात अटक, खटला, दोषसिद्धी, दंड यांविषयी प्रश्न असतात. पोलीस आपल्या अभिलेखावरून अहवाल देतात. नियुक्तीचा निर्णय मात्र नियुक्ती प्राधिकाऱ्याचा असतो.

हा निर्णय कसा घ्यावा, याचे मार्गदर्शन सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २०१६ साली केले. माहिती खरी असली पाहिजे, हा त्यातील पहिला दंडक. क्षुल्लक प्रकरणातील दोषसिद्धी दडविली गेली असली, तरी प्राधिकारी आपल्या विवेकाने ती दुर्लक्षू शकतो. उलट, सर्व काही खरे सांगितले तरी नियुक्ती मिळेलच असे नाही. पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा अधिकार प्राधिकाऱ्यास राहतोच. नमुन्यात जे विचारलेच नाही, ते न सांगितल्याचा दोष मात्र उमेदवारावर येत नाही.

राजस्थान राज्य विद्युत प्रसारण निगमाच्या एका प्रकरणाचा २०२१ चा निकाल अधिक बोलका आहे. संबंधिताने दोषसिद्धी दडविली होती. पुढे त्याला परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम १२ चा लाभ मिळाला. या कलमामुळे दोषसिद्धीपासून उद्भवणारी अपात्रता टळते. तरीही सेवासमाप्ती कायम राहिली, कारण प्रश्न गुन्ह्याच्या गांभीर्याचा नव्हता, विश्वासाचा होता. सेवेच्या उंबरठ्यावर खोटे लिहिणाऱ्याच्या हाती शासनाने अधिकार कसा द्यावा, हा विचार कठोर वाटला तरी अनाठायी नाही.

उमेदवाराने न्यायालयाच्या नक्कल विभागातून निकालपत्राची प्रमाणित प्रत घेऊन ठेवावी आणि प्रकरण क्रमांक, कलम, निकालाची तारीख व दंडाची रक्कम नमुन्यात जशीच्या तशी लिहावी. खटला प्रलंबित असेल तर तसे नमूद करावे. किरकोळ प्रलंबित प्रकरण खरेपणाने सांगितले असल्यास, खटल्याच्या निकालास अधीन राहून नियुक्ती देता येते. मजकुराविषयी शंका असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. अकोल्यातील महादेव कोळी, ठाकर आदी अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना तेथील विधी साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही.