लेबल पुसले, तर?

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेत आम्ल ओतताना बाटली कशी धरावी, हे तुमच्या शिक्षकांनी तुम्हाला सांगितले असेलच. बाटलीवरचे लेबल तळहाताकडे येईल, अशी ती धरायची. असे का बरे? ओतून झाल्यावर एखादा थेंब बाटलीच्या तोंडावरून बाहेरच्या अंगाने ओघळतो. त्या बाजूला लेबल असेल, तर थेंब नेमका त्याच्यावर येतो. संहत सल्फ्युरिक आम्ल कागदातील सेल्युलोजमधून पाण्याचे घटक काढून घेते आणि मागे उरतो तो काळा कार्बन. असे दोनचारदा झाले की बाटलीवरचे नाव गेलेच म्हणून समजा.

आता कपाटात एक बिननावाची बाटली उभी आहे. आत रंगहीन द्रव आहे. तो काय असेल? आम्ल, स्पिरिट, की नुसते पाणी? डोळ्यांना काहीच कळत नाही. वास घेणे किंवा चव पाहणे तर जिवावर बेतणारे. बरे, फेकून द्यावे, तर मोरीत ओतणेही धोक्याचे. कारण आत काय आहे हेच ठाऊक नाही! बाटलीतील द्रव्य होते तसेच आहे, पण त्याच्याविषयीची माहिती नाहीशी झाली आणि उपयोगी वस्तू धोकादायक होऊन बसली.

म्हणून वस्तू जितकी टिकेल, निदान तितके तरी तिचे लेबल टिकले पाहिजे. कारखाना असो, दुकान असो की आपले स्वयंपाकघर, हा नियम सगळीकडे सारखाच. पण लेबल टिकते कशामुळे?

तीन कड्यांची साखळी

साध्या लेबलाचे तीन भाग असतात: कागद, शाई आणि डिंक. यांतला एक जरी निकामी झाला, तरी लेबल निकामी होते.

आधी शाई पाहू. एक सोपा प्रयोग करा. कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. प्रत्येकीवर पेन्सिल, बॉलपेन, शाईचे पेन आणि स्केचपेन यांनी एकेक रेघ ओढा. एक पट्टी पाण्यात आणि दुसरी शिक्षकांच्या देखरेखीखाली स्पिरिटमध्ये बुडवा. जवळपास ज्योत नसावी. पाण्यात शाईच्या पेनाची आणि बहुतेक स्केचपेनांची रेघ पसरेल. बॉलपेनची रेघ पाण्यात टिकेल, पण स्पिरिटमध्ये फुटेल. पेन्सिलीची रेघ मात्र दोन्हींकडे जशीच्या तशी राहील.

याचे कारण असे, की काही शायांतील रंग विरघळणारा असतो. त्याचे रेणू योग्य द्रावक मिळताच सुटे होऊन वाहू लागतात. उन्हातील अतिनील किरणांनीही हे रेणू तुटतात आणि रंग विटतो. पेन्सिलीतील ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. तो पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये नाही आणि उन्हानेही विटत नाही. संग्रहालयात प्राण्यांचे नमुने स्पिरिटच्या बरण्यांत ठेवतात. त्या बरण्यांच्या आत टाकायच्या चिठ्ठ्या पेन्सिलीने किंवा कार्बनच्या काळ्या शाईने लिहिण्याची पद्धत आहे, ती यामुळेच.

आता डिंक. काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि पॉलिथिनच्या पिशवीवर दुसरा. स्वच्छ काचेवर थेंब पसरेल, पॉलिथिनवर तो गोळा होऊन बसेल. पॉलिथिनच्या पृष्ठभागाचे इतर पदार्थांच्या रेणूंशी आकर्षण कमी असते. जिथे पाणी पसरत नाही, तिथे डिंकही नीट पसरत नाही आणि लेबल कडेपासून सुटू लागते. म्हणून कारखान्यात अशा प्लॅस्टिकवर छपाई करण्यापूर्वी किंवा लेबल लावण्यापूर्वी त्याच्या पृष्ठभागावरून ज्योत किंवा विद्युत्‌विसर्ग फिरवतात. त्यामुळे पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त अणुगट तयार होतात आणि शाई व डिंक यांची पकड बसते.

दुकानातील पावती कोरी का होते?

नवीन पंखा किंवा मिक्सर घेतला की गुळगुळीत कागदावरची पावती मिळते. हमीच्या मुदतीत यंत्र बिघडले म्हणून पावती शोधावी, तर हाती कोरा कागद येतो! दुकानदार म्हणतो, ‘पावती दाखवा.’ आपण काय दाखवणार?

या पावतीवर शाई नसतेच. कागदावर एक रंगहीन रंजकद्रव्य आणि त्याला रंगीत करणारे एक आम्लधर्मी द्रव्य यांचा थर असतो. छपाईयंत्राची बारीक तापलेली टोके जिथे टेकतात, तिथे थर वितळतो, दोन्ही द्रव्यांचा संयोग होतो आणि काळे अक्षर उमटते. अशा जुन्या पावतीवर नखाने जोरात रेघ ओढून पाहा. घर्षणाच्या उष्णतेने काळी रेघ उमटेल. पण हा संयोग पक्का नसतो. ऊन, तेल, स्पिरिट, तसेच मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून झिरपणारी द्रव्ये यांनी तो मोडतो आणि अक्षर पुसट होते. म्हणजे पावती जपून ठेवावी म्हणून आपण ती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालतो आणि तिथेच ती लवकर कोरी होते. यावर उपाय सोपा आहे. पावती मिळाली त्याच दिवशी तिची छायाप्रत काढावी किंवा फोटो घ्यावा.

धातूवरची अक्षरे

विहिरीवरच्या पंपाची मोटर आठवा. तिला ऊन, पाऊस, तेल, धूळ सगळेच सोसावे लागते. पण तिचे व्होल्ट, अश्वशक्ती आणि क्रमांक दहा वर्षांनीही वाचता आले पाहिजेत. नाहीतर मेकॅनिकने दुरुस्ती कशाच्या आधारावर करायची? अशा ठिकाणी ॲल्युमिनियमची पट्टी लावतात. आम्लाच्या द्रावणात ही पट्टी धनाग्र म्हणून ठेवून वीजप्रवाह सोडला, की तिच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कठीण थर तयार होतो. या थरात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. रंग त्या छिद्रांत भरतात आणि पट्टी उकळत्या पाण्यात ठेवतात. ऑक्साइड पाणी घेऊन फुगतो आणि छिद्रांची तोंडे बंद होतात. अक्षर आता पट्टीवर लिहिलेले नसते, तर पट्टीच्या आत कोंडलेले असते!

घरातील स्वयंपाकाच्या गॅसचे पोलादी सिलिंडरही पाहा. वरच्या कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्यांवर रिकाम्या सिलिंडरचे वजन उमटवलेले असते. त्यात गॅसचे १४.२ किलोग्रॅम मिळवले की भरलेल्या सिलिंडरचे वजन येते. हा आकडा वाचता आला, तरच आपल्याला पूर्ण गॅस मिळाला की नाही, हे काट्यावर तपासता येते. तिथेच ‘बी-२८’ असे काहीतरी लिहिलेले आढळेल. ए, बी, सी, डी ही वर्षाची चार तिमाहे. ‘बी-२८’ म्हणजे सिलिंडरची पुढची चाचणी २०२८ च्या एप्रिल ते जून या काळात व्हायला हवी.

रासायनिक द्रव्यांची पिंपे जहाजातून जातात, तेव्हा तर आणखी कडक कसोटी असते. पिंप समुद्रात पडून निदान तीन महिने पाण्यात राहिले, तरी त्याच्यावरची धोक्याची खूण ओळखू आली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पिंप किनाऱ्याला लागले, तर ते उघडायचे नाही, हे कोळ्याला कळावे कसे?

अक्षर टिकले, पण अर्थ?

लेबल नुसते टिकले म्हणजे काम झाले का? १९७१ साली इराकमध्ये पेरणीसाठी परदेशातून गहू आणि जव आणले गेले. बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून त्यावर पाऱ्याचे एक अतिशय विषारी संयुग, मिथिल मर्क्युरी, चोळलेले होते. पोत्यांवर धोक्याच्या सूचना होत्या, पण त्या स्पॅनिश आणि इंग्रजी भाषांत. कवटी आणि हाडांची खूणही तिथल्या खेड्यांतील लोकांच्या परिचयाची नव्हती. धान्य ओळखू यावे म्हणून त्याला लालसर रंग दिला होता. लोकांनी धान्य धुतले. रंग निघून गेला. लोकांना वाटले, विषही गेले. पण रंग धुतला गेला तरी पारा धान्यातच राहिला होता. त्या पिठाच्या भाकरी घरोघर खाल्ल्या गेल्या. लक्षणे दिसायला काही आठवडे लागले, तोवर उशीर झाला होता. सरकारी नोंदीप्रमाणे ६,५३० रुग्ण रुग्णालयांत दाखल झाले आणि त्यांपैकी ४५९ दगावले.

या दुर्घटनेत लेबल दोनदा फसले. लिहिलेली सूचना टिकली, पण कळली नाही. रंगाची खूण कळली, पण टिकली नाही.

भारतात १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी या दोन्ही गोष्टींचा विचार केलेला दिसतो. कीटकनाशकाच्या डब्यावर उभ्या चौकटच्या आकाराची खूण असते. तिच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल म्हणजे सर्वांत जहाल, नंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही रंग कळतो. शिवाय लेबल सहजासहजी निघणार नाही असे लावले पाहिजे, हेही नियमात आहे.

पण हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक औषध, असे मात्र समजू नका, तेही विषच. आणि डब्यातील औषध आपणच सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवले, तर सगळे नियम व्यर्थ! त्या बाटलीवर जे लेबल असते, ते सरबताचे.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. मोरी, माळा, गोठा, पंपाची खोली अशा जागा मोठ्या माणसांबरोबर पाहा. नाव नसलेली बाटली दिसली, तर ती उघडू नका, तिचा वास घेऊ नका, मोठ्यांना दाखवा. ज्या डब्यात काय आहे हे नक्की ठाऊक आहे, पण ज्याचे लेबल सुटत चालले आहे, त्याच्यावर नवी चिठ्ठी लावा. ती पेन्सिलीने किंवा काळ्या पक्क्या शाईने लिहा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी पूर्ण फिरवा. नाव मराठीत, ठळक अक्षरांत लिहा. खाली तारीख टाका. मग घरातील सर्वांत लहान भावंडाला ती वाचायला सांगा. त्याला वाचता आली नाही किंवा कळली नाही, तर चिठ्ठी पुन्हा लिहा.